केसपेपरवरचं नाव: अविवाहित आईच्या बाळाची जन्मनोंद आणि वडिलांचा रकाना

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, खासगी प्रसूतिगृहात एक मुलगी जन्मली. आई २४ वर्षांची, पदवीधर, अविवाहित. बाळाचे वडील पुण्यात नोकरीला. त्यांच्या घरून लग्नाला नकार आला आणि त्यांनी स्वतः ना हो म्हटलं, ना नाही. फोनवर बोलणं चालू होतं, पण कागदावर काहीच नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कळा मध्यरात्री सुरू झाल्या आणि दाखल करायला मुलीचे वडील, म्हणजे बाळाचे आजोबा, सोबत होते. केसपेपरवर ‘पतीचे नाव’ असा छापील रकाना होता. काउंटरवरच्या सिस्टरने ‘हे राहिलं’ म्हणत पेन पुन्हा त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी आपल्या बहिणीच्या मुलाचं नाव लिहिलं. मुलीला या आत्येभावाच्या घरी द्यायची बोलणी पूर्वी कधीतरी घरात झाली होती, एवढाच त्या नावाला आधार. भाच्याला विचारलेलं नव्हतं आणि मुलीला सांगितलेलं नव्हतं.

प्रसूतिगृहाने सहाव्या दिवशी नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागाला ऑनलाइन माहिती पाठवली. नमुना १ मध्ये, म्हणजे जन्माची माहिती भरायच्या सरकारी नमुन्यात, वडिलांचं नाव केसपेपरवरून उतरवलं गेलं. वडिलांचा आधार क्रमांक रिकामा राहिला. तो ‘उपलब्ध असल्यास’ द्यायचा असल्याने प्रणालीने अडवलं नाही. दाखला तयार झाला आणि आजोबांनी तो कपाटात ठेवला.

अडचण कुठे दिसली

ऑगस्टच्या मध्यात आई बाल आधार काढायला केंद्रावर गेली. पाच वर्षांखालच्या बाळाचे ठसे घेत नाहीत. पालकाचं आधार आणि जन्म दाखला लागतो. ऑपरेटरने दाखला वाचून ‘वडिलांचं नाव हेच ना?’ असं विचारलं, तेव्हा आईला ते नाव पहिल्यांदा दिसलं. तिने अर्ज तिथेच थांबवला. या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता. चुकीच्या दाखल्यावर पुढचा एक जरी कागद निघाला असता, तर दुरुस्ती दोन कार्यालयांत करावी लागली असती, आणि ‘हे नाव तुम्हीच आधी वापरलंत’ हा आक्षेप उभा राहिला असता.

घरी आजोबांचं म्हणणं एकच: ‘पोरीला बापाचं नाव तरी लागलं.’ आत्येभावापर्यंत बातमी गेली आणि तो बिथरला. त्याचं लग्न ठरत होतं.

माहिती कोणी द्यायची आणि पालक कोण

घरात आणि पुढे कार्यालयातही एक घोळ वारंवार झाला. जन्माची माहिती देणारा वेगळा, नोंदीत आई-वडील म्हणून लागणारी माणसं वेगळी. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चं कलम ८ फक्त माहिती देण्याची जबाबदारी वाटून देतं. घरी जन्म झाला तर कुटुंबप्रमुख, तो नसेल तर त्याचा जवळचा नातेवाईक, तोही नसेल तर घरात हजर असलेली वयाने सर्वांत मोठी प्रौढ व्यक्ती. रुग्णालयात किंवा प्रसूतिगृहात प्रमुख वैद्यकीय अधिकारी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती. तुरुंगात तुरुंगाधिकारी, धर्मशाळा-वसतिगृहात तिथला व्यवस्थापक. टाकून दिलेलं अर्भक सापडलं तर गावात गावप्रमुख, इतरत्र पोलीस ठाण्याचा अधिकारी. यांपैकी कुणीही माहिती दिली म्हणून पालक ठरत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या यादीत भर पडली. संस्थेमार्फत दत्तक नसेल तिथे दत्तक पालक, सरोगसीतून झालेल्या बाळासाठी जैविक पालक, आणि एकल पालक किंवा अविवाहित आईच्या बाळासाठी ती पालक स्वतः, असे उल्लेख आता कायद्यातच आहेत. त्याआधी ६ जुलै २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की एकल पालक किंवा अविवाहित आईने आपल्या पोटच्या बाळाचा दाखला मागितला, तर तिच्याकडून तसं प्रतिज्ञापत्र तेवढं घ्यावं आणि दाखला द्यावा. न्यायालयाचा उलट आदेश असेल तरच अपवाद. म्हणजे दाखल होताना रकाना कोरा ठेवला असता तरी नोंद अडायचं कारण नव्हतं. लग्नाचा दाखला आणल्याशिवाय जन्मनोंद होत नाही, हा समज कुठून येतो ते नमुना १ पाहिल्यावर कळतं. त्याच्या सांख्यिकी भागात आईचं लग्नाच्या वेळचं वय विचारलेलं असतं. तो भाग आकडेवारीसाठी आहे, दाखल्यावर छापला जात नाही, आणि कोरा राहिला म्हणून नोंद रोखता येत नाही.

नोंद कुठे होते, हेही इथे आडवं आलं. कुटुंब शेजारच्या जिल्ह्यातल्या खेड्यातलं. आजोबांना वाटायचं की गावची ग्रामपंचायत आपली, तिथे ‘नीट’ करून घेऊ. पण नोंद जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, होते. राहतं गाव कुठलं याला महत्त्व नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तसंच राहू देणं. आत्येभावाने नकार दिल्यावर तो उरलाच नाही. त्याने होकार दिला असता तरी घेण्याजोगा नव्हता. दाखल्यावरचं वडिलांचं नाव म्हणजे पितृत्वाचा निवाडा नव्हे, पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, पासपोर्ट, आधार, मतदार यादी, विवाह नोंदणी या सगळ्या ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच कागद चालणार. खोटं नाव त्याच्या पाठीवर बसून प्रत्येक टेबलावर जातं.

दुसरा पर्याय आजोबांचा: गावी घरी बाळंतपण झालं असं दाखवून नवी नोंद. ती खोटी माहिती झाली असती, आणि एका जन्माच्या दोन नोंदी पुढे कधीतरी समोरासमोर येतात. त्यात २१ दिवस उलटून गेले होते. ३० दिवसांपुढे आणि वर्षाच्या आत नोंद करायची तर जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, शुल्क आणि विहित नमुन्यातला स्वसाक्षांकित कागद लागतो. वर्षानंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. खोट्या वाटेवर इतके टप्पे कशाला चढायचे? मूळ नोंद रद्द करून नव्याने करू, या कल्पनेतही हीच मेख होती. शिवाय जन्म खरा, तारीख खरी, आई खरी. रद्द करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

तिसरा पर्याय खऱ्या वडिलांचं नाव लावण्याचा. आईचा सुरुवातीचा कल इकडे होता. त्यांनी फोनवर ‘माझी हरकत नाही’ म्हटलं. सही द्यायची वेळ आली की मात्र ‘पुढच्या आठवड्यात’. अशा बोलण्यावर अर्ज बेतला की दुरुस्तीचं सगळं गाडं एका माणसाच्या सवडीवर अडकतं.

चौथा पर्याय कलम १५ खाली चुकीचं नाव काढून रकाना कोरा ठेवण्याचा. पाचवा दिवाणी न्यायालयातून घोषणा मिळवण्याचा. तो वेळखाऊ आणि खर्चिक, आणि जिथे कोणी भांडत नाही तिथे गरजेचा नाही.

निर्णयाचा खरा काटा तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात होता. कोरा रकाना पुढे भरता येतो. भरलेला रकाना मोकळा करणं किती जड जातं, ते याच प्रकरणात दिसत होतं. आईने चौथा पर्याय घेतला. वडिलांचं नाव पुढे लावायची वाट त्याने बंद होत नव्हती.

काय केलं

कलम १५ नुसार नोंदीत आकारात किंवा आशयात चूक असेल, किंवा नोंद कपटाने वा अयोग्य रीतीने झाली असेल, तर निबंधक समासात योग्य नोंद घेऊन सही-तारखेसह दुरुस्ती करतो. मूळ नोंद खोडत नाही. या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ११ मध्ये यासाठी दोन वाटा आहेत. आशयातली चूक असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींच्या घोषणापत्रावर निबंधक स्वतः दुरुस्ती करू शकतो. कपटाची किंवा अयोग्य नोंद असेल तर त्याने वरच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला अहवाल पाठवून उत्तर आल्यावर पाऊल उचलायचं.

ऑगस्टअखेर गेलेला पहिला अर्ज इथेच घसरला. तालुक्यातल्या एका अर्ज लिहिणाऱ्याने आजोबांना सांभाळून घ्यायला ‘नाव चुकून लिहिले गेले’ असं लिहिलं. त्याच फायलीत आत्येभावाच्या प्रतिज्ञापत्रात होतं: ‘माझे नाव माझ्या संमतीशिवाय व माहितीशिवाय देण्यात आले.’ एक कागद चूक म्हणतो, दुसरा खोटं म्हणतो. लिपिकाने दोन्ही वाचून फाईल परत केली. ‘ताई, स्पेलिंग असतं तर लगेच केलं असतं. बापाचं नाव काढायचं तर कोर्टाची ऑर्डर आणा.’

दुसऱ्या अर्जात घडलं ते घडलं तसं लिहिलं: दाखल करताना सोबतच्या नातेवाइकाने अर्जदाराला न विचारता केसपेपरवर नाव लिहिलं, अर्जदार अविवाहित आहे, सदर व्यक्तीशी तिचा विवाह झालेला नाही आणि ती व्यक्ती बाळाची वडील नाही. नातेवाईक म्हणजे आजोबा, हेही लिहिलं. यावर घरात बराच वाद झाला. जाणूनबुजून खोटी माहिती देण्याला कलम २३ खाली दंड आहे आणि दुरुस्तीनंतर त्याची कमाल २५० रुपये आहे. ती भीती धरून प्रतिज्ञापत्रात पुन्हा खोटं लिहिणं कितीतरी महागात पडलं असतं. आजोबांनी शेवटी स्वतःचा जबाब लिहून दिला.

सोबत जोडलेल्या कागदांपैकी दोन कामी आले. एक प्रसूतिगृहाचं पत्र. आपल्यावर काही येईल या धास्तीने त्यांनी आधी टाळाटाळ केली. मग पत्राचा मजकूर फक्त घटनेपुरता ठेवला: वडिलांचं नाव दाखल करतेवेळी नातेवाइकाने केसपेपरवर लिहिलेल्या माहितीवरून भरलं, विवाहाचा पुरावा पाहिलेला नव्हता. केसपेपरची साक्षांकित प्रत सोबत. तिच्यावर आईचं नाव एका अक्षरात आणि पतीचं नाव दुसऱ्याच हाताने लिहिलेलं दिसत होतं. दुसरा कागद माता व बाल संरक्षण कार्डाचा. गरोदरपणात गावच्या उपकेंद्रात नोंदणी करताना आईने पतीचा रकाना कोराच ठेवायला लावला होता आणि लसीकरणाच्या नोंदीतही तो तसाच होता. प्रसूतीच्या कित्येक महिने आधीचा सरकारी कागद आईच्या बाजूने बोलत होता.

दोन विश्वासार्ह व्यक्ती कोण, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक. नातेवाईक घेतले तर वजन कमी, गावातले घेतले तर गोष्ट गावभर. इथे गरोदरपणात घरी येत असलेल्या आशा कार्यकर्ती आणि आईच्या महाविद्यालयातल्या एक प्राध्यापिका तयार झाल्या. दोघींना वस्तुस्थिती स्वतःच्या माहितीतून ठाऊक होती. नियमाला तेवढंच हवं असतं. मालमत्ता किंवा पद असलेला माणूस लागतो, हा गैरसमज.

अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली. निबंधकांनी यावेळी वेगळा मुद्दा काढला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका आईची मागणी फेटाळून पाच हजार रुपये खर्च बसवला होता. दाखल्यावर एकल पालक म्हणून आपलंच नाव असावं, वडील व्यसनी आहेत, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की आई-वडिलांच्या आपसातल्या भांडणासाठी बाळाच्या जन्मनोंदीवर हक्क सांगता येत नाही. निबंधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. त्याला उत्तर लेखी दिलं: त्या प्रकरणात नोंदीतले वडील खरे होते आणि वाद पालकांचा होता. इथे नोंदलेली व्यक्ती वडील नाहीच, ती स्वतः प्रतिज्ञेवर तसं सांगते, आणि मागणी खरी माहिती पुसण्याची नसून खोटी काढण्याची आहे. सोबत २०१५ चा निकाल आणि कलम ८ मधला अविवाहित आईचा उल्लेख जोडला. अर्ज नाकारायचा असेल तर लेखी नाकारा, अशी विनंतीही केली. कलम २५-अ खाली निबंधकाच्या कृतीविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्यावर ९० दिवसांत निर्णय व्हायचा असतो. तोंडी नकारावर अपील करणं अवघड जातं. कित्येक अर्ज टेबलावरच मरतात ते यामुळे.

निबंधकांनी नकार दिला नाही. नोंद अयोग्य रीतीने झालेली आहे असं धरून अहवाल वर पाठवला.

निष्पत्ती

ऑक्टोबरअखेर वरून मान्यता आली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात समासनोंद झाली. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुनीच राहिली. दाखल्याची पहिली छापील प्रत हातात आली तेव्हा वडिलांचा रकाना कोरा होता, पण खाली ‘शेरा’ मध्ये ‘वडिलांचे नाव अर्जावरून कमी केले’ अशी ओळ होती. म्हणजे रकान्यातून गेलेली गोष्ट तळाला येऊन बसली. समासनोंद रजिस्टरात आहेच, दाखल्यावर तिची गोष्ट सांगायची गरज नाही, असा एक पानी अर्ज तिथेच देऊन शेरा काढून घेतला. दाखला हातात पडताच शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा तो यासाठी.

बाळाचं नाव मूळ नोंदीत नव्हतं. जन्मनोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क दाखल करता येतं, त्यामुळे घाई नव्हती. आईने दुरुस्तीनंतर वेगळा अर्ज करून नाव आणि स्वतःचं आडनाव लावलं. बाल आधार नव्या दाखल्यावर निघालं. पासपोर्टची आत्ता गरज नाही, पण डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर तिथेही एका पालकाचं नाव पुरतं.

डिसेंबरात बाळाचे वडील नाव लावायला तयार झाले. कार्यालयाने दोघांचं संयुक्त प्रतिज्ञापत्र आणि दोघांची ओळखपत्रं मागितली. आईने मसुदा पाठवला. सही होऊन तो परत आलेला नाही. तोवर रकाना कोरा आहे. त्यामुळे बाळाचा पोटगीचा हक्क कुठे जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली विवाहाबाहेर जन्मलेलं मूलही वडिलांकडून पोटगी मागू शकतं. दाखल्यावर नाव असणं ही त्याची अट नाही. वाद झाला तर पितृत्व न्यायालयात सिद्ध करावं लागेल, इतकंच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त वेळ दाखल होण्याआधीची होती. आईने प्रसूतीच्या महिनाभर आधी प्रसूतिगृहाला एक सही केलेलं पत्र आणि प्रतिज्ञापत्राची प्रत देऊन ठेवली असती, की जन्मनोंदीत फक्त आईचं नाव घ्यावं आणि माहिती माझ्याकडूनच तपासून घ्यावी, तर मध्यरात्री कोणाच्या हातात पेन होतं याला महत्त्व उरलं नसतं. प्रसूतिगृहानेही नमुना १ पाठवण्यापूर्वी त्याची प्रत आईला वाचायला द्यायला हवी होती. २१ दिवसांची मुदत असताना सहाव्या दिवशी न वाचता पाठवण्यात काही कमावलं नाही.

पहिला अर्ज मऊ शब्दांत लिहिल्याने पाच आठवडे गेले. जिथे एका कागदाचा सूर दुसऱ्याशी जुळत नाही तिथे लिपिक फाईल उघडी ठेवत नाही, परत करतो, आणि त्यात त्याची चूक काढता येत नाही. घटना कोणत्या वर्गात बसते ते निबंधकाला ठरवू द्यावं. अर्जदाराने फक्त सगळ्या कागदांत एकच हकीकत राहील हे पाहावं.

ही वाट सगळ्यांना चालणार नाही. आई १८ वर्षांखालची असेल तर विषय जन्मनोंदीपुरता राहत नाही, रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. आई विवाहित पण विभक्त असेल, घटस्फोट झालेला नसेल, आणि बाळ दुसऱ्या नात्यातलं असेल, तर प्रतिज्ञापत्राने भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर आई पुन्हा विवाह न करता २८० दिवसांच्या आत, जन्मलेलं मूल पतीचंच धरतं. एकमेकांशी संबंध येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध झालं तरच ते गृहीतक मोडतं आणि ते काम न्यायालयाचं. अशा आईने प्रसूतिगृहात कुठलाही रकाना भरण्याआधी वकिलाला गाठावं, आणि तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना तो मोफत मिळतो.